हरणांचं गणित माणसांना लावताना

बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं एक बेट आहे, माणूस राहत नाही असं. १९४४ मध्ये युद्ध चालू असताना अमेरिकेच्या कोस्ट गार्डने तिथे १९ माणसांचं एक छोटं रेडिओ स्टेशन टाकलं आणि बोट वेळेवर आली नाही तर खायला काहीतरी असावं म्हणून २९ रेनडियर आणून सोडले. युद्ध संपलं, माणसं गेली, रेनडियर राहिले. लांडगा नाही, शिकारी नाही, आणि जमिनीवर लायकेनची, म्हणजे शेवाळासारख्या दगडफुलाची, नुसती गादी. १९५७ ला डेव्हिड क्लाइन नावाचा जीवशास्त्रज्ञ मोजायला गेला तर १३५० रेनडियर, सगळे गुबगुबीत. १९६३ ला ६०००. मग १९६६ ला परत गेला तर सगळीकडे पांढरे पडलेले सांगाडे आणि जिवंत फक्त ४२, त्यात ४१ माद्या आणि एकच नर, त्याचीही शिंगं धड नव्हती, आणि पिल्लू एकही नाही. पुढच्या काही वर्षांत तेही संपले.

ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचलेली असणार, आणि तिच्या शेपटाला हमखास एक वाक्य लावलेलं असतं की माणसांचंही शेवटी हेच होणार. माझं भांडण त्या वाक्याशी आहे. पण "छे, माणूस काय हरीण आहे का, माणसाला बुद्धी आहे" असं म्हणून हा विषय झटकून टाकणाऱ्यांशीही माझं जमत नाही. बुद्धी असूनही माणसं खातात, जन्मतात, मरतात, गर्दी करतात, एका जागेवर दहा जण झडप घालतात, आणि हे सगळं मोजता येतं. प्राण्यांच्या संख्येचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राची, म्हणजे पॉप्युलेशन इकॉलॉजीची हत्यारं इतिहासाला लावावीत याच मताचा मी आहे. फक्त त्यातलं एक हत्यार असं आहे की ते हरणांकडून माणसांकडे आणताना वाटेत कुठेतरी त्याचं काम बदलतं, आणि नेमकं तेच आपण सगळ्यात जास्त वापरतो.

मूळ हिशोब अगदी साधा आहे. किती जन्मले, किती मेले, किती बाहेरून आले, किती निघून गेले, चार आकडे. खरी मजा पाचव्या गोष्टीत आहे, ती म्हणजे संख्या स्वतःच पुढच्या संख्येवर परिणाम करते. गर्दी वाढली की वाट्याला कमी येतं, मग जन्म घटतात नाहीतर मरण वाढतं. १८३८ मध्ये व्हरहुल्स्ट नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने हे समीकरणात बसवलं, आलेख काढला तर आधी सपाट, मग चढ, मग वर जाऊन टेकलेला. १९२० च्या दशकात लोटका आणि व्होल्टेरा या दोघांनी वेगवेगळं काम करून भक्ष्य आणि भक्षक अशी जोडीची समीकरणं काढली, आणि कॅनडातल्या हडसन बे कंपनीच्या कातड्यांच्या जुन्या वह्यांत ससे आणि त्यांना खाणारी लिंक्स नावाची रानमांजरं साधारण दर दहा वर्षांनी वर-खाली होताना दिसले. कंपनीचे कारकून बिचारे धंद्याचा हिशोब लिहीत होते, त्यांना काय माहीत की पुढे पाठ्यपुस्तकांत त्यांचाच आलेख छापला जाणार.

मी एकदा एक्सेलमध्ये व्हरहुल्स्टचं समीकरण टप्प्याटप्प्याने चालवून बघितलं होतं, म्हणजे यंदाच्या संख्येवरून पुढच्या वर्षीची काढायची, त्यावरून त्याच्या पुढची, असं खाली ओढत जायचं. वाढीचा दर ०.५ ठेवला तर पुस्तकातला तो शहाणा आलेख. २.२ केला तर एक वर्ष वर, एक वर्ष खाली, अशी करवत. २.७ केला आणि स्क्रीनवर नुसता धिंगाणा, कुठलाच आकडा परत येईना, पहिल्या सेलमध्ये दशांशानंतर कुठेतरी एक बारीकसा बदल केला तर विसाव्या-तिसाव्या ओळीपासून पुढे सगळं चित्रच वेगळं. फॉर्म्युला मात्र तोच, एका ओळीचा, त्यात नशीब नाही, राजा नाही, दुष्काळ नाही. रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये हेच दाखवलं होतं आणि मला ते वाचून कळलं नव्हतं, सेल खाली ओढल्यावर कळलं. यातून मला दोन गोष्टी एकदमच पटल्या. इतिहास अस्ताव्यस्त दिसतो म्हणून त्यामागे नियम नसणारच असं म्हणता येत नाही. आणि नियम सापडला म्हणून भविष्य सांगता येईल असंही नाही. इतिहासवाले पहिली विसरतात, मॉडेलवाले दुसरी.

या वाटेने सगळ्यात लांब गेलेला माणूस म्हणजे पीटर टर्चिन. मूळचा कीटकांच्या संख्येवर काम करणारा, पाइनची झाडं पोखरणाऱ्या बीटल किड्यांचे चढउतार हा त्याचा विषय, आणि तिथून तो सरळ साम्राज्यांवर आला. किड्यांनी त्याला शिकवलं ते असं की नुसत्या गर्दीने लाटा येत नाहीत, परिणाम उशिरा पोचला की येतात. भक्षक आज वाढले तर त्याचं कारण काल-परवाचं भक्ष्य असतं, आणि ते वाढून होईपर्यंत भक्ष्य ऑलरेडी घटायला लागलेलं असतं. आता समाजात हा उशीर कुठून येतो? त्याचं उत्तर जॅक गोल्डस्टोनने १९९१ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर उभं आहे. शेतीवर चालणाऱ्या राज्यात लोक वाढतात, मजुरी पडते, जमिनीचा खंड वाढतो, म्हणजे गरिबांचे वाईट दिवस तेच जमीनदारांचे चांगले दिवस, म्हणून वरचा वर्ग अजून काही पिढ्या फुगत राहतो, त्यांची पोरं वाढतात, पण पदं, जहागिऱ्या, दरबारातल्या खुर्च्या तेवढ्याच. मग वरच्यांचीच वरच्यांशी मारामारी, राज्याची तिजोरी रिकामी, आणि कधीतरी फुटतं. एक फेरा साधारण दोन-तीनशे वर्षांचा. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे त्याने माल्थससारखं "लोक जास्त, अन्न कमी" एवढ्यावर थांबून नाही ठेवलं, वरच्या वर्गाला वेगळी पॉप्युलेशन म्हणून मोजायला घेतलं.

याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. चीनमध्ये १७०० ते १८५० या काळात लोकसंख्या साधारण १५ कोटींवरून ४३ कोटींच्या आसपास गेली, पण सरकारी नोकरीच्या परीक्षेतून वर जाणाऱ्यांच्या जागा त्या मानाने जवळपास होत्या तिथेच. खेड्यातला एक हुशार मुलगा, हाँग श्यूच्वान, घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलेला, कँटनला जाऊन परीक्षेला बसतो आणि नापास होतो, परत बसतो, परत नापास. १८३७ मध्ये तिसऱ्यांदा नापास झाल्यावर तो आजारी पडला, अंथरुणाला खिळला, त्याला दृष्टान्त व्हायला लागले. १८४३ मध्ये चौथ्यांदा नापास. मग त्याने एक ख्रिस्ती पत्रक वाचून त्या दृष्टान्तांचा अर्थ लावला की आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत. पुढे त्याच्यामागे लाखो लोक गेले, तायपिंग बंड १८६४ पर्यंत चाललं आणि त्यात किमान २ कोटी माणसं मेली. आता हे सगळं एका नापास विद्यार्थ्यामुळे झालं म्हणणं वेडेपणाच आहे, पण चिडलेले, शिकलेले, लिहिता-वाचता येणारे आणि कुठेच जागा न मिळालेले तरुण हजारोंनी पडलेले असताना त्यांतल्या एखाद्याला कधी दृष्टान्त होईल याची वाट बघण्याइतकंच बाकी राहतं, असं मॉडेल सांगतं आणि ते मला पटतं. अर्थात पिवळ्या नदीने १८५० च्या दशकात आपला प्रवाहच बदलला आणि शेकडो मैल लांब जाऊन समुद्राला मिळाली, ते कुठल्याच समीकरणात नव्हतं.

कुरबूर करायची तर या वरच्या वर्गातला "एलिट" म्हणजे नक्की कोण यावर करायला जागा आहे. मध्ययुगातला सरदार, चीनमधला पदवीधर आणि आजच्या अमेरिकेतला वकील या तिघांना एका कॉलममध्ये टाकलं की कॉलम भरतो खरा, पण किड्याची व्याख्या जंगल बदललं म्हणून बदलत नाही, इथे बदलते. २०१० मध्ये टर्चिनने नेचर मासिकात लिहिलं होतं की पुढच्या दशकात, २०२० च्या सुमाराला, अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात राजकीय अशांतता वाढेल. मग २०२१ च्या जानेवारीत जमाव थेट कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, घुसला आणि हा माणूस एकदम फेमस. भाकीत बरोबर आलं हे मान्य, पण एका देशाचं एक भाकीत एकदा बरोबर आलं म्हणून थिअरी सिद्ध झाली असं तो किड्यांचा पेपर लिहिताना स्वतःसुद्धा म्हणाला नसता.

आता त्या हत्याराकडे येतो. व्हरहुल्स्टच्या समीकरणात एक अक्षर आहे ज्याला आज आपण के म्हणतो, कॅरिंग कपॅसिटी, धारणक्षमता, म्हणजे त्या जागेत जास्तीत जास्त किती जीव मावतील. या शब्दाचा प्रवास बघण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात तो जहाजांसाठी होता, कुठल्या जहाजात किती माल मावतो, त्यावर कर लावायला. तिथून तो कुरणांवर आला, किती जनावरं चरतील, मग जंगली प्राण्यांवर, आणि विसाव्या शतकात माणसांवर. जहाजाला कडेला रेघ मारून दाखवता येते की एवढं बुडालं म्हणजे भरलं. कुरणाची रेघ पाऊसपाण्यानुसार हलते. माणसांची रेघ कुठे मारायची? १९२० मध्ये रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी अमेरिकेच्या जनगणनांच्या आकड्यांतून हाच आलेख काढला, जुन्या आकड्यांवर तो इतका फिट बसला की बघत राहावं, आणि त्यावरून देशाची कमाल लोकसंख्या १९.७ कोटी ठरवली. पर्ल तेव्हा काचेच्या बाटल्यांत फळमाश्या वाढवून त्यांचेही आलेख काढत होता आणि ते असेच येत होते, त्यामुळे त्याला वाटलं निसर्गाचा कायदाच सापडला. १९६७ मध्ये अमेरिका २० कोटींच्या पुढे गेली, २०२० च्या जनगणनेत ३३ कोटी. बाटली माश्यांनी बनवलेली नव्हती, देश मात्र माणसं रोज बनवत होती, कायदे करत होती, बोटीतून येणाऱ्यांना घेत होती नाहीतर परत पाठवत होती. शिवाय प्राण्यांत खायला भरपूर मिळालं की पिल्लं वाढतात, आणि माणसांत सगळं उलटंच, दक्षिण कोरियासारख्या खात्यापित्या देशात २०२३ मध्ये बाईमागे मुलं ०.७२. याला के कसा लावणार?

पण के चुकीचा निघतो ही माझी मुख्य तक्रार नाहीये, आकडे चुकतात, दुरुस्त होतात. माणसांमध्ये "किती जण मावतील" हा प्रश्न बहुतेक वेळा "कुणाला किती द्यायचं" हाच असतो, पण आलेखाच्या त्या आडव्या रेघेत तो असा विरघळून जातो की विचारायलाही सुचत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते उदाहरणांशिवाय पटणार नाही.

प्लेग घ्या. १३४७ ते १३५१ मध्ये युरोपात तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत लोक मेले. इकॉलॉजीच्या हिशोबाने उरलेल्यांची चंगळ व्हायला पाहिजे, जमीन तेवढीच, तोंडं अर्धी. इंग्लंडमध्ये झालीच, म्हणजे सरकारने १३४९ आणि १३५१ मध्ये मजुरी जुन्या दराने गोठवायचे कायदे केले, लोकांना दंड ठोकले, तरी मजुरी वर सरकतच गेली आणि पुढच्या शंभर वर्षांत भूदासपद्धत गळून पडली. एल्ब नदीच्या पूर्वेला, म्हणजे युरोपच्या पूर्वेकडच्या भागात, मात्र पुढच्या दोनेक शतकांत जमीनदारांनी शेतकऱ्यांना उलट जमिनीला जास्तच घट्ट बांधलं. आणि इजिप्तमध्ये तर तिसरंच, तिथली शेती नाइलच्या कालव्यांवर आणि बांधांवर, ते दरवर्षी उपसायला हजारो हात लागायचे, हात मेले, कालवे गाळाने भरले, तिथले राज्यकर्ते असलेले मामलुक सरदार कैरोत बसलेले, त्यांच्या जहागिऱ्या वरचेवर बदलणाऱ्या, त्यामुळे गावाचं पुढे काय होईल याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, ते उरलेल्यांना पिळत राहिले. संख्येला बसलेला धक्का तिन्हीकडे तोच. निकाल तीन. रॉबर्ट ब्रेनरने १९७६ मध्ये युरोपपुरता हा मुद्दा मांडला तेव्हा लोकसंख्यावाल्या इतिहासकारांशी त्याचा चांगलाच वाद झाला, आणि माझ्या मते ब्रेनरचं पारडं जड होतं. तरी गंमत अशी की हा फरक आपल्याला दिसतो तोच मुळी मॉडेलमुळे, "चंगळ व्हायला पाहिजे होती" असं आधी कुणी तरी म्हटलं म्हणून "मग इथे का नाही झाली" हे विचारता आलं. मॉडेल चुकतं तिथेच खरी माहिती असते.

दुसरं उदाहरण मला जास्त छळतं. रिचर्ड टेंपल नावाचा ब्रिटिश अधिकारी. १८७३-७४ मध्ये बिहारकडे पीक गेलं तेव्हा त्याच्याकडे काम दिलं होतं, आणि त्याने ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणून वाटला. भूकबळी अगदी थोडे. खरं तर त्याची पाठ थोपटायला हवी होती, पण झालं असं की लंडनपासून सगळ्यांनी त्याला उधळ्या म्हणून झोडपलं, एवढा खर्च कशाला केला, माणसं तर फार मेलीच नाहीत! तांदूळ आणला म्हणून मेली नाहीत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं असेल तरी सोयीचं नव्हतं. तीन वर्षांनी दख्खन आणि मद्रासकडे त्याहून मोठा दुष्काळ पडला आणि याच टेंपलला पाठवलं, काटकसरीच्या सूचना देऊन. यावेळी तो शिकून आला होता. कामावरच्या पुरुषाला रोज एक पौंड धान्य आणि वर एक आणा, खडी फोडायची त्याबदल्यात, आणि मागायला येणाऱ्यांना गाळायच्या अटी. धान्याची जहाजं बाहेरदेशी जातच होती. १८७६-७८ च्या त्या दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज ५५ लाखांपासून पुढे जातात. आणि १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन कौन्सिलात काय सांगतो, तर इथली लोकसंख्या जमिनीतल्या अन्नापेक्षा वेगाने वाढते. माल्थस १८०५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८३४ पर्यंत, ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी तयार करणाऱ्या कॉलेजात प्राध्यापक होता, टेंपल त्याच कॉलेजातून पुढे बाहेर पडलेला. तोच माणूस, तेच तंत्र, तीच रेल्वे, मध्ये तीन वर्षं. दुष्काळ दुसरा मोठा होता हे धरूनही मला कुणी सांगावं की या तीन वर्षांत जमिनीची धारणक्षमता एवढी कशाने कोसळली. कोसळली ती दिल्या जाणाऱ्या धान्याची पोती. रेनडियरच्या बेटावर लायकेनच्या गोदामाला कुलूप लावून चावी खिशात ठेवणारा कुणी नव्हता.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर सोंग ज्यान बघा. चीनमधला क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणाचं गणित करणारा तज्ज्ञ, डोक्याने अफाट. १९७९-८० च्या सुमाराला त्याने आणि त्याच्या गटाने कॉम्प्युटरवर लोकसंख्येचं गणित मांडलं, बाईमागे ३ मुलं हा दर तसाच चालू राहिला तर २०८० पर्यंत चीन ४०० कोटींच्या वर, आणि देशाला झेपणारी संख्या ६५ ते ७० कोटी. क्षेपणास्त्राचा मार्ग जसा दुरुस्त करतात तसा लोकसंख्येचा मार्ग वळवायचा. सप्टेंबर १९८० मध्ये पक्षाने खुलं पत्र काढून एकच मूल सांगितलं, आणि पुढे सक्तीचे गर्भपात, नसबंद्या, लपवलेली मुलं, नकोशा झालेल्या मुली हे सगळं. वाईट याचं वाटतं की जन्मदर त्याआधीच उतरत होता, १९७० मध्ये बाईमागे जवळपास ६ मुलं होती ती १९७९ पर्यंत ३ च्या खाली आली होती. त्यातही सरकारी मोहिमेचा हात होता हे खरं, पण "दर तसाच चालू राहिला तर" हे जे गृहीतक होतं ते गृहीत धरतानाच खोटं ठरत होतं. क्षेपणास्त्र आपल्याबद्दलचा रिपोर्ट वाचत नाही. माणसं वाचतात, घाबरतात, लग्न पुढे ढकलतात, शहरात जातात, अधिकारी वरच्याला खूश करायला आकडे फुगवतात. २०२१ मध्ये त्याच सरकारने तीन मुलांची परवानगी दिली आणि २०२२ मध्ये लोकसंख्या घटली. इंदिरा गांधींच्या आणीबाणीत १९७६-७७ च्या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, तिथेही टार्गेटचे आकडे असेच वरून उतरत आले होते.

मग हा सगळा उद्योगच बंद करायचा का? नाही ना. पण आकडे भरायच्या पद्धतीवर बोलावंच लागेल. टर्चिन आणि इतरांनी सेशात नावाचा मोठा डेटाबेस उभा केला, जगभरातल्या जुन्या समाजांची माहिती, राज्य किती मोठं, अधिकाऱ्यांच्या किती पायऱ्या, लिपी होती का, असे शेकडो कॉलम. २०१९ मध्ये त्यावरून नेचरमध्ये एक पेपर आला की पापपुण्याचा हिशोब ठेवणारे देव मोठे समाज झाल्यानंतर येतात, आधी नाही. मग दुसऱ्या अभ्यासकांनी डेटा उघडून बघितला तर जिथे पुरावाच नव्हता अशा जागी "नव्हता" असं भरलेलं होतं. आता ज्या समाजाला लिपीच नाही त्याचा देव नीतिमान होता की नाही हे कोण लिहून ठेवणार? लिपी येते त्या सुमारालाच देव "प्रकट" होतो, आणि आलेख छान येतो. २०२१ मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. यावर हसणारे इतिहासकार मी बघितलेत, पण मला उलट वाटतं. डेटा उघडा होता म्हणून चूक एवढ्या स्पष्टपणे पकडता आली. एखाद्या जाडजूड ग्रंथात कुणी विद्वानाने हेच गृहीतक मनातल्या मनात धरलं असतं तर ते पन्नास वर्षं कुणाला दिसलं नसतं. रिकाम्या सेलमध्ये शून्य टाकायचं नाही ही गोष्ट कुठल्याही ऑफिसात डेटा एंट्री करणाऱ्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात, तेवढी पाळली तरी बरंच होईल.

रापा नुई, म्हणजे ईस्टर आयलंडचंही असंच. माणसांचं सेंट मॅथ्यू म्हणून ते बेट किती वर्षं दाखवलं गेलं, झाडं तोडली, पुतळे ओढले, उपासमार झाली, एकमेकांना मारलं, संख्या कोसळली, युरोपियन यायच्या आधीच सगळं संपत आलेलं. २०२४ मध्ये तिथल्या जुन्या माणसांच्या डीएनएचा अभ्यास आला, आणि लोकसंख्या कोसळली असती तर जनुकांत जी खूण राहायला हवी ती सापडली नाही, उलट संख्या हळूहळू वाढतच होती. हे काढलं तेही पॉप्युलेशनच्याच गणिताने, फक्त गोष्ट आधी ठरवली नव्हती. कोसळणं झालं ते नंतर, १८६२ पासून पेरूच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी माणसं पकडून नेली, मग देवी आणि क्षय, १८७७ मध्ये बेटावर उरले १११. जंगल गेलं होतं हे खोटं नाही. पण १११ हा आकडा झाडं तोडल्याचा नाही.

त्यामुळे उद्या कुणी अमुक देशात माणसं जास्त झालीत म्हणाला, किंवा आता फॅशन आहे त्याप्रमाणे कमी झालीत म्हणाला, तर मी त्याला आलेख दाखव म्हणेन, आणि मग ती आडवी रेघ कुणी मारली ते विचारेन. धान्य किती आहे आणि ते कुणाच्या ताब्यात आहे, जमीन कुणाची आहे, कर कोण भरतं, वरच्या खुर्च्या किती आणि त्यांच्यासाठी रांगेत किती. हेही मोजताच येतं की, खंडाचे दर आणि मजुरी जुन्या कागदांत सापडतात, परीक्षेला बसलेल्यांच्या याद्या सापडतात, ते त्याच समीकरणात घालता येतं, आणि टर्चिनने निदान तिकडे पाऊल तरी टाकलंय. ज्यांना हे घालायचं नसतं त्यांना बहुतेक वेळा शास्त्र नको असतं, कुणाला तरी बोटीतून उतरवायचं असतं.

पृथ्वीवर जास्तीत जास्त किती माणसं मावतील याचे आजवर झालेले अंदाज जोएल कोहेन या लोकसंख्यातज्ज्ञाने १९९५ मध्ये गोळा केले होते, ते १०० कोटींच्या खालपासून एक लाख कोटींच्या वरपर्यंत पसरलेत, यावरूनच काय ते समजा. त्यातला सगळ्यात जुना अंदाज लेवेनहुकचा, तोच सूक्ष्मदर्शकवाला, १६७९ मधला. त्याने हॉलंडची लोकसंख्या १० लाख धरली, जगातली राहण्याजोगी जमीन हॉलंडच्या १३,३८५ पट धरली, आणि सगळीकडे हॉलंडइतकीच दाटी धरून गुणाकार केला, उत्तर आलं १३३८ कोटींच्या आसपास. हे त्याने केलं कशासाठी, तर कॉड माशाच्या वीर्यात त्याला जे वळवळणारे जीव दिसले होते त्यांची संख्या किती अफाट आहे हे पत्रात कुणाला तरी समजावून सांगायचं होतं, आणि तुलनेला त्याला एक मोठा आकडा हवा होता. मासा जिंकला, दहापटीहून जास्त फरकाने. मग त्याने तो आकडा तिथेच सोडला आणि परत भिंगाला डोळा लावला.